फोटो बाहेर येत नाही

३ मार्च

भांडायला घरात कोणी उरलं नाही, म्हणून ही वही. हे होते तेव्हा दुकानाचं शटर ओढल्यापासून वर घराचं दार उघडेपर्यंत आमचं भांडण चालायचं. दुकान खाली, घर वर, मध्ये एक जिना, आणि तो जिना आम्हाला कायम अपुरा पडायचा. दिवसभराचं सगळं त्यात निघून जायचं आणि मग जेवण गोड लागायचं. हे जाऊन वर्ष होऊन गेलं. आता लेक आहे, पण ती उठसूट नवऱ्याची बाजू घेते. आणि जावईबापूंशी काय भांडणार? त्यांना अहोजाहो करावं लागतं. मनात मी केव्हाच अरेतुरेवर आलेय, पण तोंडातून 'तुम्ही' निघतं आणि भांडणातली सगळी हवाच जाते.

जावईबापू पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात हिशेब बघायचे. कारखान्याला टाळं लागलं आणि दोघं बिऱ्हाड घेऊन माझ्याकडे आले. "आई, तात्पुरतं," म्हणाले होते. तात्पुरतं म्हणून आणलेली त्यांची लोखंडी कपाटं आता भिंतीला गंजून चिकटतील. दिवसभर ते खाली दुकानात बसतात. पावत्या लिहितात, फोन घेतात, आणि उरलेला वेळ टेबलाच्या पलीकडून माझ्या हातांकडे बघत राहतात. गालाला हात लावून, सिनेमा चालू असल्यासारखे. मला त्याने कसंतरीच होतं.

६ मार्च

आमच्या दुकानात येणारा माणूस एकच वाक्य घेऊन येतो. फोटो बाहेर येत नाही.

बटण दाबलं की तिथल्या तिथे फोटो बाहेर टाकणारे हे जुने कॅमेरे. मध्यंतरी लोकांनी ते माळ्यावर फेकले होते, आता पुन्हा लोकांना त्यांचा पुळका आलाय. आत फार काही नसतं. एक मोटर, चार चक्रं, आणि मागच्या बाजूला नखाएवढा एक पत्र्याचा आकडा. तो आकडा वरच्या फोटोच्या कडेला धरतो आणि पुढे ढकलतो. पुढे दोन पोलादी रोलर फोटोला आपल्यात ओढून घेतात, त्याच्या पोटातलं औषध दाबून पसरवतात आणि फटीतून बाहेर काढतात. आकडा केसभर आत गेला तर मोटर नुसती घरघरते आणि काहीच येत नाही. केसभर बाहेर आला तर दोन फोटो एकदम येऊन अडकतात. रोलरला जुनं औषध चिकटलं असेल तर फोटो अर्ध्यावर येऊन थांबतो.

आकडा वाकवायचं माप कुठल्याही पुस्तकात नाही. अंगठ्याचं नख फिरवायचं. नखाला लागला पाहिजे, पण नख अडता कामा नये. हे मी ह्यांच्याकडून शिकले आणि मग ह्यांच्यापेक्षा चांगलं करायला लागले. ह्यांना ते मान्य होतं, फक्त चारचौघांत नाही.

तपासायला आमच्याकडे एक रद्दी पॅक आहे. रिकाम्या डब्यात बिघडलेले जुने फोटो भरलेत, तेच पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यातून काढून बघायचे. सगळ्यात वर ह्यांचा एक अर्धा काळा झालेला फोटो आहे. जिवंतपणी हाक मारली तर जागचे हलायचे नाहीत, आता बटण दाबलं की मुकाट्याने बाहेर येतात.

७ मार्च

पेन बदललं. आधीचं भिकार होतं, अक्षर कोंबडीने पाय फिरवल्यासारखं येत होतं. हेही तसंच निघालं. आजकाल एक वस्तू धड मिळत नाही.

११ मार्च

दाढीवाला येऊन गेला. हा लग्नांचे फोटो काढतो आणि वर पाहुण्यांनी खेळायला म्हणून हे कॅमेरे मांडवात ठेवतो. पाहुणे एकमेकांचे फोटो काढतात, खाली काहीबाही लिहितात आणि नवरानवरीला देतात. त्यामुळे त्याचं नाव झालंय. सगळे कॅमेरे माझ्याकडे येतात. "मावशी, तुमच्या हाताला तोड नाही," म्हणाला. "मागच्या खेपेला दिलेले लोण्यासारखे चालतात." मी जावईबापूंकडे बघितलं. म्हटलं, ऐका जरा. ते पावती लिहीत होते, मान वर केली नाही. चांगलं ऐकायची सवय नसते काही लोकांना.

याच्या उलट ती निळ्या चष्म्याची बाई. तिचा कॅमेरा रविवारी दिला होता, लेक आणि जावई त्यांच्या बहिणीकडे गेले होते त्या दिवशी. आज परत घेऊन आली. दोन-दोन फोटो एकदम येतात म्हणे. तिला सांगितलं, स्वस्तातली फिल्म घेऊ नका. तोंड वाकडं करून कॅमेरा ठेवून गेली.

१५ मार्च

लेकीला काय झालंय कोण जाणे. चहा अर्धा कप देते. पाहुण्याला कटवायचं असल्यासारखा. विचारलं तर म्हणते, "संपला की आणखी देते ना, आई." माझ्या घरात मला हप्त्याने चहा. आणि माझ्या ब्लाउजांचे हूक काढून तिने मोठाली बटणं लावली आहेत. फॅशन आहे म्हणे. या वयात मला फॅशन शिकवते आहे.

आज म्हणत होती, तिला नसांच्या डॉक्टरकडे जायचंय, सोबतीला चल. मी म्हटलं, तुझ्या नसांना काय धाड भरली? जावईबापू लगेच ताटावरून उठून गेले. या दोघांचं काहीतरी शिजतंय.

१९ मार्च

आज कळलं काय शिजतंय ते.

समोरचा शिंपी सुईत दोरा ओवून घ्यायला आला होता. म्हणजे तो मला दोरा ओवून द्यायला आला होता, माझी मच्छरदाणी फाटली आहे. बोलता बोलता म्हणाला, "जावई तुमचे फार कष्टाळू हो. दुपारी तुम्ही वर झोपायला गेलात की तुमच्या खुर्चीवर बसतात. भिंग लावून. खाली मान घालून. शटर अर्धं ओढलेलं असतं, पण माझ्या ओट्यावरून दिसतं."

माझ्या खुर्चीवर. माझं भिंग.

मी त्याला काही दाखवलं नाही. मच्छरदाणीचं काम पुरं केलं. पण तेव्हापासून डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत चालली आहे. कॅमेरे परत का येतात? माझ्या हातचा कॅमेरा परत येतो, असं आजवर झालं होतं का? मी नीट करून ठेवते, दुपारी कोणी बसून त्यात बोट घालतं. गिऱ्हाईक चिडलं की दुकान बसेल. दुकान बसलं की म्हातारी थकली म्हणायचं आणि गाळा विकायला लावायचा. खोक्यांच्या हिशेबात मुरलेला माणूस, एवढं डोकं नक्की आहे.

२० मार्च

नजर ठेवली. मी जिन्यावरून पायातलं काढून चार पायऱ्या खाली आले. खरंच बसले होते. पाठ माझ्याकडे. बाजूला दाढीवाल्याचा कॅमेरा उघडून पडलेला, मी सकाळी बंद करून ठेवलेला. अंगठ्याचं नख फिरवत होते. माझ्यासारखंच! अंगाचा तिळपापड झाला. पण ओरडले नाही. ओरडले असते तर म्हणाले असते, बघत होतो. पुरावा हवा.

२३ मार्च

पूर्वी कंपनीतून नवा कॅमेरा यायचा तेव्हा तळाच्या स्क्रूवर लाल रंगाचा एक ठिपका असायचा. कोणी स्क्रू फिरवला की ठिपका तडकायचा, आणि आत कोणीतरी हात घालून गेलंय हे आम्हाला बघताक्षणी कळायचं. दाढीवाल्याचे चार कॅमेरे आज सकाळी मी नीट केले, आणि लेकीच्या नेलपॉलिशने चारही स्क्रूंवर ठिपके दिले. दोन ठिपके बाजूला फराटले. बाटलीचा ब्रशच तसला आहे. तरी काम होण्यापुरते होते. मग रोजच्यासारखी वर जाऊन पडले. झोप कसली लागते. छताकडे बघत पडून राहिले.

खाली आले तर चारही ठिपके तडकलेले.

आता वाटतं, तिथेच बोलायला हवं होतं, दोघांतच. पण मला लेकीला दाखवायचं होतं, तिचा नवरा काय आहे ते. जेवणं झाल्यावर चारही कॅमेरे ताटांच्या मध्ये आणून उलटे मांडले. म्हटलं, "जावईबापू, हे तुम्ही उघडले?"

"हो, आई," म्हणाले. खोटंही बोलले नाहीत. निर्लज्जपणा बघा.

"का उघडले?"

त्यांनी लेकीकडे बघितलं. लेक म्हणाली, "आई, मी सांगते तुला, तू जरा शांत—" तर तिला म्हणाले, "नको." एवढंच. आणि मला म्हणाले, "बघत होतो."

बघत होतो! म्हटलं, बघून बघून माझे कॅमेरे परत यायला लागले. म्हटलं, तुम्हाला गाळा विकायचा आहे, माहीत आहे मला. ते गप्प. कुलूप लावलेल्या पेटीसारखे गप्प. समोरचा गप्प बसला की मला जास्त चढतं, हे ह्यांना ठाऊक होतं, ह्यांनी मला कधी एकटं भांडू दिलं नाही. मी म्हटलं, "वर्षभर बसून खाताय, ते पुरत नाही का? माझ्या नवऱ्याच्या खुर्चीतही बसायचंय?"

लेक ओरडली. जावईबापू उठले, हात धुतले. साबण लावून, बोटांच्या फटीतून, सावकाश. तेही माझ्याच साबणाने. मग आत जाऊन बॅग काढली.

२५ मार्च

गेले. लेकही गेली. कपाटं न्यायला माणूस येईल म्हणाली. गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली मिळाली आहे. जाताना जावईबापू पाया पडले. नाटक. मी आशीर्वाद दिला, कारण शिंपी बघत होता.

घरात इतकी शांतता आहे की दूध तापत ठेवलं तरी सोबत वाटते.

२८ मार्च

त्यांनी हात लावलेले चारही कॅमेरे आज मी पुन्हा उघडले. कोण जाणे आत काय करून ठेवलंय. आकडे बघितले. खरं सांगायचं तर पहिल्या नजरेला मी करते तसेच वाटत होते. नक्कल करण्यात माणूस हुशार. रोलर पुसलेले, चक्रांना तेल बेताचं. पण दुसऱ्याने बोट घातलेलं काम मी माझ्या नावावर कसं देऊ? चारही आकडे सरळ करून पुन्हा माझ्या हाताने वाकवले. दिवस गेला. चिमटा सारखा निसटत होता. एक स्प्रिंग उडून कुठे गेली ती सापडेना, गुडघ्यांवर रांगत शोधली. पूर्वीचे चिमटे असे नव्हते.

रद्दी पॅक घालून बघितलं. पहिल्यांदा हे बाहेर आले, दुसऱ्यांदा अर्ध्यावर अडकले. त्या पॅकमधले फोटो आता वापरून वापरून मऊ झालेत, त्यावर काय विसंबायचं. माझ्या हाताला तपासणीची गरज नाही.

३० मार्च

दाढीवाला कॅमेरे घेऊन गेला. मोठं लग्न आहे म्हणाला, मुलीच्या बापाने खास हेच सांगितलंय. जावई दिसत नाहीत, असं विचारलं. मी म्हटलं, त्यांना घालवलं. माझ्या कामात लुडबुड करत होते. आता सगळे पुन्हा उघडून मी स्वतः नीट केलेत, एकूणएक. तो थोडा गोंधळला, पण म्हणाला, "तुम्ही केलेत म्हणजे प्रश्नच नाही, मावशी."

बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. संध्याकाळी पूर्ण कप चहा करून घेतला. थोडा सांडला.

३ एप्रिल

चारही बंद पडले. चारही.

दाढीवाला सकाळीच आला. दाढी विस्कटलेली, डोळे लाल. कॅमेरे टेबलावर ठेवले नाहीत, ओतले. पहिल्याने चार-दोन फोटो काढले आणि जाम झाला. दुसऱ्यात मोटर फिरत राहिली आणि काही येईना. तिसऱ्याने दोन फोटो एकदम रोलरमध्ये कोंबले, कोणा पाहुण्याने ते ओढून काढायला मागचं झाकण उघडलं आणि आतली सगळी फिल्म उजेडाने वाया गेली. नवरीची आजी आजारी होती, तिला खुर्चीत बसवून आणलं होतं, नवरीला तिच्याबरोबरचा फोटो हातात हवा होता. आजी बिचारी चौथ्या कॅमेऱ्यासमोर हसून बसली. पुन्हा पुन्हा हसली. शेवटी दमली आणि तिला घरी नेलं. मुलीच्या बापाने याला लोकांदेखत काय वाटेल ते सुनावलं.

मी म्हटलं, "जावयाने सूड उगवला बघ माझ्यावर. जाता जाता काहीतरी करून गेला."

दाढीवाला म्हणाला, "मावशी, तुम्हीच म्हणालात ना, तो गेल्यावर सगळे उघडून तुम्ही स्वतः नीट केले म्हणून?"

मी ओतलेले कॅमेरे एकेक करून सरळ मांडायला घेतले.

तो म्हणाला, "या महिन्यात आणखी लग्नं आहेत. करून देता का बघा. नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल." इतक्या वर्षांत हे वाक्य त्याने पहिल्यांदा काढलं.

५ एप्रिल

चारही उघडून बसले आहे. दुसऱ्या कॅमेऱ्याचा आकडा कुठे चुकलाय ते मला न उघडता सांगता येतं. मोटरच्या आवाजावरून कळतं. बोटाने तिथपर्यंत जाते आणि तिथे पोचल्यावर बोट दुसरीकडेच असतं.

दुपार अशीच गेली. उद्या खिडकीजवळ टेबल हलवून बघते, उजेड कमी पडतो आहे.

६ एप्रिल

उजेडाने फरक पडला नाही.

९ एप्रिल

लेक कपाटांसाठी माणूस घेऊन आली. मला बघून म्हणाली, "आई, किती वाळलीस." मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याने केलेली घाण निस्तरते आहे, वाळेन नाही तर काय.

तिने त्या माणसाला बाहेर थांबायला सांगितलं. मग माझ्यासमोर बसली, जावईबापू बसायचे त्याच जागी, आणि म्हणाली, "त्यांनी मला शपथ घातली होती, पण आता मी बोलणार." आणि बोलली.

म्हणाली, ते आल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं होतं की माझा उजवा हात थरथरतो. मी दिलेल्या कॅमेऱ्यांत आकडे चुकत होते. दोन गिऱ्हाइकं परत आली, ती त्यांनी दारातच गाठली, मला कळू दिलं नाही. मग समोर बसून माझं काम बघून बघून शिकले. दुपारी मी झोपले की माझे सगळे कॅमेरे उघडायचे, आकडा नीट करायचे, बंद करून जिथल्या तिथे ठेवायचे. म्हणाली, "तुला लाज वाटू नये म्हणून, आई. मला म्हणायचे, त्यांच्याकडे आता तेवढंच राहिलंय, ते कशाला काढून घ्यायचं. डॉक्टरचं हळूहळू सांगू."

मी म्हटलं, "खोटं आहे."

ती म्हणाली, "चहा अर्धा का देत होते मी?"

मी तिला जायला सांगितलं. ती उठली, मग परत वळून माझ्या साडीच्या पदराने माझी हनुवटी पुसली. काहीतरी लागलं होतं बहुतेक. मी तिचा हात झटकला. तो झटकताना माझा हात कुठल्या कुठे गेला, ते तिनेही बघितलं.

१२ एप्रिल, रविवार

खोटं आहे की नाही ते बघायला एक मार्ग होता.

ह्यांचा स्वतःचा कॅमेरा काढला. मी पहिल्यांदा शिकले तो. याचा आकडा कधी बिघडलेला नाही, मी डोळे मिटून हा उघडून परत बांधलाय. सकाळी तो टेबलावर घेतला, आकडा काढला, सरळ केला, पुन्हा वाकवला, बसवला. दार आतून लावून घेतलं होतं. घाई केली नाही. मधे उठून हात कोमट पाण्यात धरले. भिंग पुसलं. नख फिरवलं. नखाला लागला. अडलाही नाही. निदान मला तसं वाटलं.

रद्दी पॅक घातलं, बटण दाबलं. मोटर फिरली. फटीखाली हात धरून बसले. हे बाहेर आले नाहीत.

पुन्हा उघडलं, पुन्हा वाकवलं. आले नाहीत. तिसऱ्यांदा दुसराच कुठलातरी फोटो ह्यांना घेऊन रोलरमध्ये अडकला, आणि ओढताना ह्यांचा फोटो मधोमध फाटला. मी खूप रडले. फोटोसाठी नाही. माझ्या हातांसाठी रडले. या हातांनी मी घर चालवलं, ह्यांना औषधं भरवली, लेकीच्या वेण्या घातल्या, आणि तेच आता माझं ऐकत नाहीत. त्यातून राग आला तो जावईबापूंचाच. तोंडावर सांगायचं होतं. आल्या दिवशी सांगायचं होतं, सासूबाई, तुमचा हात थरथरतोय. मी शिव्या दिल्या असत्या, महिनाभर बोलले नसते, पण कळलं तर असतं. मला झाकून ठेवायला सांगितलं होतं कोणी?

१४ एप्रिल

दाढीवाल्याचा फोन. पुढच्या आठवड्यात लग्न आहे, कॅमेरे होणार की नाही, हो किंवा नाही सांगा. मी हो म्हटलं.

१७ एप्रिल

ठरवलंय. जाते. वयाने मोठी आहे, मी जाते म्हणजे त्यात माझं काही कमी होत नाही. त्यांच्या मनासारखं करून टाकते. खुर्ची देते, भिंग देते, वर राहायला या म्हणते. बाजूला बसून मी सांगेन, ते करतील. दुकान राहील, लेक घरात येईल. कामाची तर त्यांना गोडी लागलेलीच आहे, नाहीतर रोज दुपार कोणी अशी घालवतं का? आनंदाने उड्या मारतील.

चारातला एक कॅमेरा कापडी पिशवीत घालून ठेवला आहे.

१८ एप्रिल

जावईबापू मिक्सर आणि पंखे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात लागलेत. बोळात दुकान आहे, दारात तारांचे गुंडाळे. मला बघून उभे राहिले, स्टूल पुसून पुढे केलं. "या आई, बसा." हातात मिक्सरचं भांडं होतं. मी म्हटलं, "हे काय काम आहे तुमचं? टेबल रिकामं पडलंय तिकडे. चला. खुर्चीत बसा. काय हवं नको ते मी बाजूला बसून सांगेन."

त्यांनी पिशवीकडे बघितलं. मी कॅमेरा काढून दिला. त्यांनी मागचं झाकण उघडलं, अंगठ्याचं नख एकदा फिरवलं. दुसऱ्यांदा फिरवायची गरज पडली नाही.

"आकडा केसभर आत वाकलाय," म्हणाले. "आणि डाव्या रोलरवर थोडं औषध राहिलंय."

मग झाकण बंद केलं आणि कॅमेरा परत माझ्या हातात दिला.

"मग करा ना," मी म्हटलं.

"नाही, आई."

मला वाटलं, मान राखून दोनदा विचारायचं असेल. दोनदा विचारलं. म्हटलं, दाढीवाला अडलाय. म्हटलं, लेकीचं घर आहे ते. ते खाली बघत होते. म्हणाले, "चोरून केलं तेव्हा मला त्याचं काही वाटत नव्हतं. तुम्हाला कळलं तर तुम्हाला वाईट वाटेल, एवढीच धास्ती होती. पण त्या दिवशी ताटावर तुम्ही जे बोललात, ते ऐकल्यावर मला त्या खुर्चीत बसता येणार नाही."

"मी रागात बोलले असेन," मी म्हटलं.

"हो," म्हणाले.

मी उठले. ते पिशवी घेऊन बोळाच्या तोंडापर्यंत सोडायला आले, गाडी थांबवली, डॉक्टरांची वेळ घेतली आहे, बुधवारी लेक न्यायला येईल, असं सांगितलं. मी आत बसल्यावर पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, पडणार नाही अशी, आत सरकवून. सगळं इतक्या नीट केलं की मला त्यांच्या मुस्काटात मारावीशी वाटली. आणि त्यांच्या पायाही पडावंसं वाटलं. यातलं काहीच केलं नाही, सासू आहे मी.

गाडी सुटली तेव्हा मागे वळून बघितलं. आकडा वाकलाय हे मला घरातून निघतानाच ठाऊक होतं, ते सांगायला मला कोणी नको होतं. मला हात हवे होते, आणि ते खिशात घालून जावईबापू बोळात उभे होते.